भक्त, वेतन आणि हजेरीपट
दुष्काळी कामांवरील मजुरीच्या इतिहासाची एक बाजू

पोथ्यांचीं दप्तरें चाळणाऱ्यांस एक अनुभव वारंवार येतो. पोथी ज्या पुठ्ठ्यांत बांधलेली असते तो पुठ्ठा रद्दी कागदांचे थर चिकटवून केलेला असतो, आणि कित्येकदां पोथीपेक्षां पुठ्ठाच अधिक बोलका निघतो. कांहीं वर्षांपूर्वीं याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायाची एक त्रुटित प्रत आमच्याकडे आली. तिचा पाठ सर्वसामान्य होता. टिपून घ्यावा असा पाठभेद तींत आढळला नाहीं. परंतु पुठ्ठ्यास ओल लागून त्याचे थर सुटले, तेव्हां आंतून मोडी अक्षरांतील एका हजेरीपटाचा तुकडा निघाला. नांवें, नांवांपुढें दिवसांच्या उभ्या रेघा, आणि शेवटीं आणे व पै. कोठें कोठें नांवाच्या जागीं ‘बायको’ किंवा ‘पोर’ एवढेंच. सालाचा भाग वाळवीनें खाल्लेला, गांवाचें नांव अर्धें उडालेलें. असा कागद पुराव्यांत धरतां येत नाहीं, व आम्हीही तो धरीत नाहीं. तथापि ज्या पोथींत भृतीचें प्रकरण आहे तिच्याच पुठ्ठ्यांत मजुरीचा हिशेब सांपडावा, या योगानें एक प्रश्न आमच्या मनांत घर करून राहिला. तो असा : राजानें मजुरीचा दर ठरवून दिला म्हणजे मजुराचें काय होतें? प्रस्तुत लेखांत आम्ही या प्रश्नाचा, आमच्या प्रांतांतील दुष्काळी कामांपुरता, विचार करणार आहों.

प्रथम शास्त्राकडे वळूं. स्मृतिकारांनीं मजुरीचे तंटे ‘वेतनस्यानपाकर्म’ किंवा तत्सम नांवाच्या व्यवहारपदांत घातले आहेत. मजुरी न ठरवितां ज्यानें काम करून घेतलें त्याच्याकडून व्यापार, पशु व पीक यांच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा राजानें मजुरास देववावा, असें याज्ञवल्क्य सांगतो. कौटिल्याचाही नियम याच स्वरूपाचा आहे. अलीकडे कित्येक लेखक एवढ्यावरून ‘किमान वेतनाचा कायदा आमच्याकडे दोन हजार वर्षांपूर्वींच होता’ असें विधान करतात. हा मोह आवरला पाहिजे. दशमांशाचा नियम करार नसेल तेथें लागू होणारा आहे. करार करून त्याहून कमी दिलें तर राजानें आड यावें, असें तेथें म्हटलेलें नाहीं. किमान वेतन म्हणजे करारालाही न मोडतां येणारी मर्यादा. या दोहोंत भेद आहे, आणि तो विसरून प्राचीनांचा गौरव केल्यानें प्राचीनांसही न्याय मिळत नाहीं.

अर्थशास्त्रांतील दुसरीं दोन स्थळें मात्र आमच्या विषयास खरोखर उपयोगी आहेत. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केल्यापासून तीं सर्वांस उपलब्ध आहेत. सीताध्यक्षाच्या प्रकरणांत राखणदार, गोपालक, दास व कर्मकर यांस त्यांच्या परिवाराच्या मानानें भक्त, म्हणजे अन्न, द्यावें आणि शिवाय महिन्यास सव्वा पण रोख द्यावा असें सांगितलें आहे. दुसरें स्थळ दैवी आपत्तींच्या प्रकरणांतील आहे. दुर्भिक्ष पडलें असतां राजानें बीं व अन्न पुरवावें, अथवा अन्न देऊन दुर्गाचीं व सेतूंचीं कामें काढावींत, असा तेथें आदेश आहे. येथें दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. दुष्काळांत काम काढणें ही कल्पना इंग्रजांनीं आणलेली नव्हे. आणि मजुरीचे दोन अवयव, एक पोटाचा व एक हातांत खुळखुळणारा, कौटिल्यानें निरनिराळे ओळखले होते. पुढील सारा इतिहास या दोन अवयवांच्या ओढाताणीचा आहे.

आतां १८७६-७७ च्या दुष्काळाकडे येऊं. मुंबई इलाख्याच्या देशावरील जिल्ह्यांत, विशेषतः सोलापूर, कलादगी, अहमदनगर, पुणें, सातारा या भागांत, १८७६ चा पाऊस गेला आणि सरकारनें रस्ते, तलाव व कालवे यांचीं कामें काढलीं. आरंभींचा दर पुरुषास दोन आणे, स्त्रीस दीड आणा व काम करण्याजोग्या मुलास एक आणा असा होता. नोव्हेंबर १८७६ च्या मध्यास धान्याची धारण रुपयास सोळा रत्तलांहून महाग झाली, तेव्हां सरतें प्रमाण लावण्यांत आलें : पुरुषास एक रत्तल धान्याची त्या दिवसाची किंमत, आणि वर एक आणा. रत्तल म्हणजे सुमारें ३९ तोळे. ऐंशी तोळ्यांच्या शेराच्या निम्म्याहून किंचित् कमीच.

या सूत्राची फोड करून पाहण्यासारखी आहे. सोळा रत्तलांची धारण असतां एका रत्तलास बरोबर एक आणा पडतो; म्हणजे मजुरी दोन आणे, मूळच्या दराइतकीच. धारण आठ रत्तलांवर आली कीं रत्तलास दोन आणे पडतात. मजुरी तीन आणे होते, आणि तितक्यांत दीड रत्तल धान्य येतें. मूळचे दोन आणेच कायम ठेवले असते तर एकच रत्तल आलें असतें. अर्थात् धान्याशीं बांधलेला भाग महागाईंत टिकून राहतो, रोख आण्याचा भाग मात्र धारणेबरोबर झिजतो. आज ज्यास महागाईभत्ता म्हणतात त्याचें बीज या सरत्या प्रमाणांत आहे. आणि तो वरचा आणाही चैनीचा नव्हता. मीठ, सरपण, वस्त्र, व हातीं कुदळ न धरूं शकणारें तान्हें मूल किंवा म्हातारें माणूस, हीं सर्व त्या एका आण्यांत बसवावयाचीं होतीं.

जानेवारी १८७७ मध्यें या आण्यावरच कुऱ्हाड आली. हिंदुस्थान सरकारनें सर रिचर्ड टेंपल यास दुष्काळाच्या पाहणीवर पाठविलें होतें. १८७४ च्या बिहारच्या दुष्काळांत त्यानें सढळ हातानें खर्च केला म्हणून त्याजवर टीका झाली होती. आतां काटकसर करून दाखविण्याची त्याची पाळी होती. मद्रास इलाख्यांत पुरुषास एक रत्तल धान्य व अर्धा आणा हा दर त्यानें सुचविला, व तो त्याच्याच नांवानें प्रसिद्ध झाला. मुंबई इलाख्यांतही मुलकी अंमलदारांच्या देखरेखीखालील कामांवर, म्हणजे अशक्त लोक ज्या जवळच्या व हलक्या कामांवर होते तेथें, वरचा आणा अर्धा करण्यांत आला. सोळाच्या धारणेस दोन आण्यांचा दीड आणा झाला, म्हणजे चौथाई गेली. बांधकाम खात्याच्या मोठ्या कामांवर पूर्वींचा दर राहिला. हेतु असा सांगण्यांत आला कीं, धडधाकट माणसांनीं हलकीं कामें सोडून मोठ्या कामांवर जावें.

परिणाम काय झाला? मोठ्या कामांवर थोडेच लोक गेले. पुष्कळांनीं कामच सोडलें व ते घरीं परतले. सरकारी लिहिणाऱ्यांनीं यावरून, त्यांस मदतीची गरज नव्हती, असा अर्थ काढला. पुणें सार्वजनिक सभेनें नेमका उलट अर्थ काढला. गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकारानें सभेनें दुष्काळाचीं वृत्तें जिल्ह्याजिल्ह्यांतून मागवून प्रसिद्ध केलीं, आणि एका रत्तलावर काम करणारें माणूस जगत नाहीं, असा अर्ज सरकारकडे केला. मद्रासेंत तेथील आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनीं वैद्यकाच्या आधारानें तोच आक्षेप घेतला, आणि १८७७ च्या मध्यास मद्रास सरकारास दर वाढवावा लागला. येथें इतिहासाच्या अभ्यासकानें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. दर कमी करतांच माणसें निघून गेलीं, ही घटना दोन्ही पक्षांस मान्य आहे. वाद तिच्या अर्थाचा आहे. आणि जे निघून गेले त्यांचें पुढें काय झालें, याची नोंद हजेरीपटांत असत नाहीं. हजेरीपट हजर माणसांचा असतो.

सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाचा अहवाल १८८० सालीं झाला व १८८३ सालीं दुष्काळसंहितेचा मसुदा तयार झाला. या संहितांच्या भाषेंत ‘किमान मजुरी’ हा शब्द आपणांस भेटतो. परंतु त्याचा अर्थ आजच्याहून निराळा आहे. नेमून दिलेलें काम पुरें झालें नाहीं तरी माणूस मरूं नये म्हणून जें देणें भाग, ती किमान मजुरी. १८९९-१९०० च्या दुष्काळांत मुंबई इलाख्यांत तिच्याही खालीं एक दंडाची पायरी होती. काम फार कमी भरलें तर त्या पायरीवर उतरवीत. पुढें सर अँटनी मॅक्डोनेल यांच्या १९०१ च्या आयोगानें जितकें काम तितकी मजुरी या तत्त्वावर भर दिला. म्हणजे दर कागदावर कांहींही असो, हातांत काय पडतें हें मोजणी करणाराच्या दोरीवर ठरूं लागलें. १८९६-९७ सालीं सार्वजनिक सभेचे व ‘केसरी’चे लोक दुष्काळसंहितेंतील हक्क मराठींत समजावून देत गांवोगांव फिरले, त्यामागें हेंच कारण होतें. जो नियम वाचतां येत नाहीं तो नियम पाळला जात नाहीं.

स्वातंत्र्यानंतर शब्दाचा अर्थ पालटला. मार्च १९४८ मध्यें किमान वेतनाचा कायदा अमलांत आला, व शेतमजुरीसही त्याच्या परिशिष्टांत स्थान मिळालें. गमतीची गोष्ट ही कीं, किमान वेतन म्हणजे काय याची व्याख्या या कायद्यांत नाहीं. मूळ दर आणि राहणीच्या खर्चाबरोबर बदलणारा भत्ता असे वेतनाचे दोन भाग मात्र त्यानें सांगितले. सीताध्यक्षाचें भक्त व पण, आणि १८७६ चें रत्तल व आणा, यांचाच हा नवा अवतार होय. १९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रमपरिषदेनें मोजमाप घालून दिलें : एका मिळवत्यामागें तीन खाणारे, माणशीं २७०० उष्मांकांचा आहार, चौघांच्या कुटुंबास वर्षास ७२ वार कापड, घरभाडें, आणि सरपण, दिवाबत्ती वगैरेंसाठीं एकूण वेतनाचा पांचवा हिस्सा. मुलांचें शिक्षण, औषधोपचार, सणवार, म्हातारपण व विवाह यांचा वांटा म्हणून आणखी शेंकडा २५ धरावे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं सांगितलें. एका रत्तलापासून येथपर्यंत ११४ वर्षें लागलीं.

मध्यंतरीं दुष्काळी कामांचा जुना प्रश्न न्यायालयापुढें आलाच. राजस्थान सरकारनें १९६४ सालीं कायदा करून दुष्काळी कामांस मजूरविषयक कायद्यांतून वगळलें होतें. अजमेर जिल्ह्यांतील मदनगंज ते हरमाडा या रस्त्याच्या कामावर, जेथें बहुसंख्य मजूर स्त्रिया होत्या, मोजणीच्या हिशेबानें किमान वेतनाहून कमी रक्कम हातीं पडूं लागली. १९८३ सालीं न्यायमूर्ति भगवती व पाठक यांनीं निर्णय दिला कीं, दुष्काळ आहे म्हणून किमान वेतनाहून कमी देतां येणार नाहीं. त्यापूर्वीं १९८२ सालीं त्याच न्यायालयानें, किमान वेतनाहून कमी मजुरीवर करून घेतलेलें काम घटनेच्या २३ व्या कलमाखालीं वेठच होय, असें ठरविलें होतें. दुष्काळांतील मजुरी हा सरकारचा उपकार नव्हे. त्या श्रमांतून रस्ता होतो, बंधारा होतो, आणि त्याचें मोल द्यावेंच लागतें, हें तत्त्व अशा रीतीनें प्रस्थापित झालें. टेंपलच्या अर्ध्या आण्यास मिळालेलें हें उत्तर होय.

तथापि उत्तर मिळालें म्हणून प्रश्न संपला असें झालें नाहीं, आणि हें सांगण्यासाठींच आम्ही हा लेख लिहिला आहे. महाराष्ट्रांत वि. स. पागे यांच्या कल्पनेनें १९६५ सालीं तासगांव भागांत प्रयोगादाखल सुरू झालेली रोजगार हमी १९७२-७३ च्या अवर्षणाच्या अनुभवांतून मोठी झाली. त्या अवर्षणांत मे १९७३ मध्यें दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारें ५० लक्षांवर गेली होती. १९७७ सालीं हमीचा कायदा मंजूर झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. मागेल त्यास काम, तें पंधरा दिवसांत, आणि न दिल्यास दिवसास एक रुपया बेकारीभत्ता. मजुरी मोजणीप्रमाणें; परंतु साधारण माणसानें दिवसभर काम केल्यास शेतमजुराच्या किमान वेतनाइतकी पडावी असा तिचा बेत. त्याच पागे यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९७३ सालीं शेतमजुरांच्या किमान वेतनाचाही विचार केला होता. म्हणजे कामाची हमी व वेतनाची मर्यादा हीं दोन्हीं एकाच विचारांतून निघालेलीं भावंडें होत.

या भावंडांत १९८८ सालीं वितुष्ट आलें. त्या वर्षीं राज्यानें शेतमजुरीचें किमान वेतन जवळजवळ दुप्पट केलें आणि त्यास बांधलेले हमीच्या कामांचे दरही दुप्पट झाले. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त व शुभम चौधुरी या अर्थशास्त्रज्ञांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत याचा परिणाम तपासला आहे. पूर्वींच्या वर्षांच्या हजेरीवरून नव्या दराला किती लोक यावयास हवे होते याचा अंदाज करून त्यांनीं तो प्रत्यक्षाशीं ताडून पाहिला. मजुरी दुप्पट झाली, मागणी वाढावयास हवी होती. प्रत्यक्षांत हजेरी अपेक्षेहून पुष्कळच कमी भरली. १९८८ चें पाऊसमान चांगलें होतें, म्हणून लोक कमी आले असतील, अशी शंका कोणीही घेईल व ती रास्तही आहे. परंतु संशोधकांचा निष्कर्ष असा कीं, काम मागणाऱ्या सर्वांस काम मिळेनासें झालें. हमी कायद्यांत राहिली, कामांची वांटणी मात्र हात आंखडून होऊं लागली. यासाठीं कायदा मोडावा लागत नाहीं. आराखडा मंजूर होण्यास उशीर लागतो, निदान पन्नास मजूर जमल्याखेरीज काम निघत नाहीं, अर्ज घेतला जातो पण पोंच मिळत नाहीं. दर वाढला तो कागदावर सर्वांचा. मिळाला तो ज्यांस काम मिळालें त्यांस.

आतां दोन्ही प्रसंग शेजारीं ठेवून पाहावे. १८७७ सालीं दर उतरविला आणि अशक्त माणसें निघून गेलीं. १९८८ सालीं दर चढविला आणि कांहीं माणसें दाराबाहेर राहिलीं. यावरून दर कमी असावा कीं अधिक, याचा निर्णय होत नाहीं. मजुरी कमी ठेवावी म्हणजे गरजू तेवढेच येतील, असें म्हणणारे टेंपलच्या वेळीं होते व आजही आहेत. परंतु कमी मजुरी गरजवंताची पारख करीत नाहीं, ती केवळ ताकदीची पारख करते. एका रत्तलावर दिवसभर खडी फोडूं शकणारा माणूसच सर्वांत अधिक गरजू असतो असें नाहीं. उलट दर वाढविला कीं काम झालें, असें मानणारांनींही १९८८ विसरूं नये. दोन्ही वेळां खजिन्याचा आंकडा आधीं ठरला होता आणि माणसांची संख्या मागाहून त्यांत बसविली गेली. दर, धारण, मोजणी आणि कामाचा पुरवठा असे मजुरीचे चार पाय आहेत. न्यायालय त्यांपैकीं पहिला स्थिर करूं शकतें. उरलेले तीन कचेरींत आणि कामाच्या जागेवर असतात. २००५ सालच्या देशव्यापी कायद्यानें तर कामाच्या मजुरीचा दर किमान वेतनाच्या कायद्यापासून निराळा ठरविण्याची मुभा केंद्रास दिली होती, आणि १९४८ चा कायदाही २०१९ सालीं मंजूर झालेल्या वेतनसंहितेंत सामावला गेला. पाटी बदलते; हे चार पाय बदलत नाहींत.

शेवटीं आमच्या वाचकांस, जे हस्तलिखितांचे संग्राहक आहेत त्यांस, एक विनंती. आपण सनदा जपतों, वंशावळी जपतों, देवस्थानांच्या इनामाचे कागद जपतों. दुष्काळी कामांचे हजेरीपट, मोजणीच्या वह्या, मुकादमांचीं टांचणें हीं मात्र रद्दींत जातात, कारण त्यांत कोणाचा पूर्वज सरदार म्हणून भेटत नाहीं. वस्तुतः प्रश्नांतील उणीव येथेंच आहे. आयोगांचे अहवाल सांगतात तो ठरलेला दर. हातीं पडलेला दर हजेरीपटांतच सांपडावयाचा. १८७७ च्या जानेवारींतला एक आठवडा आणि फेब्रुवारींतला एक आठवडा, एकाच कामाचे दोन पट जरी कोणाच्या संग्रहांत निघाले, तरी कोण राहिलें व कोण गेलें, पुरुष गेले कीं बायका, हें नांवानिशीं दिसेल, आणि इतक्या वर्षांचा वाद अनुमानावरून पुराव्यावर येईल. तसेच १९८८ च्या आगचेमागचेही पट तालुक्याच्या कचेऱ्यांत कोठें उरले असतील तर ते नष्ट होण्यापूर्वीं त्यांच्या नकला व्हाव्या. संशोधनाच्या दृष्टीनें चाळीस वर्षांचा कागद हा नवा नव्हे, आणि वाळवी कागदाचें वय विचारीत नाहीं.

आमच्याकडील तुकडा आम्हीं जपून ठेवला आहे. साल नसल्यामुळें त्याचा उपयोग नाहीं. त्यांतील एका ओळींत नांवापुढें सहा रेघा आहेत आणि सातव्या जागीं कांहीं नाहीं. त्यापुढील घरें कोरीं आहेत. तें माणूस घरीं गेलें, दुसऱ्या कामावर गेलें कीं आणखी कोठें, हें त्या कागदावरून कळत नाहीं. दुसरा कागद मिळेपर्यंत आम्हीही तें सांगूं शकत नाहीं.